‘डिटॅच’चं पान

ऑफिसच्या जिन्यात दोघांची टक्कर झाली आणि तिच्या हातातले कागद पायऱ्यांवर पसरले. ते गोळा करता करता त्याने एक पान उलटून पाहिलं.

"डीबगरचं मॅन्युअल तुम्हीच लिहिता?"

"हो... का?"

"त्यातल्या एका ओळीने माझी झोप उडवलीय." तो हसला, पण डोळे हसले नाहीत.

तिने त्याला ओळखलं. महिन्यापूर्वी एका रुग्णालयात धोक्याची घंटा वाजवणारा प्रोग्राम अडखळत होता. हा इंजिनिअर डीबगर, म्हणजे चुका शोधायचं साधन, लावून त्या चालत्या प्रोग्रामच्या आत डोकावत होता. काम संपल्यावर त्याने मॅन्युअल बघून ‘डिटॅच’ ही कमांड दिली. डीबगर बाजूला होईल, प्रोग्राम चालू राहील, असं त्यात छापलेलं. नव्या आवृत्तीत मात्र ती कमांड प्रोग्रामच बंद करत होती. अकरा मिनिटं घंटा मुकी राहिली. एक आजोबा गेले.

कंपनीच्या साहेबांनी दोघांनाच मॅन्युअल दुरुस्त करायला बसवलं. तो एकेक कमांड देऊन बघायचा, ती जुनी ओळ खोडून नवी लिहायची.

"किती बारीक अक्षर! डोळे जातील तुमचे."

"मग वाचून दाखवा ना... आवाज बरा आहे तुमचा."

"फक्त आवाज?"

ती लाजली, पण लगेच तिने नजर कागदाकडे वळवली. दोन वर्षांपूर्वी ‘डिटॅच’ बदलल्याची मेल तिलाच आली होती. नंतर बघू म्हणून तिने ती बाजूला सारली होती.

‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, तसं तिने घरी ताईला सगळं सांगितलं. "तोंडाला कुलूप लाव," ताईने बजावलं. "नोकरीही जाईल आणि तोही."

आजोबांच्या मृत्यूच्या चौकशीच्या आदल्या दुपारी ‘डिटॅच’चं पान आलं. त्याने कमांड दिली. पडद्यावरचा चाचणीचा प्रोग्राम गपकन मेला.

"त्या आजोबांची मुलगी विचारत होती, घंटा का नाही वाजली... काय सांगू तिला?"

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "बदलाची मेल मला आली होती. मी पान बदललं नाही."

त्याने हात हळूच काढून घेतला. "हे तुला कधीपासून..."

"जिन्यात भेटलास तेव्हापासून. सांगितलं तर उठून जाशील, म्हणून..."

तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी तिने ती मेल चौकशीत पुढे ठेवली. तिची नोकरी गेली, त्याला ताकीद मिळाली. आजोबांची मुलगी दोघांकडेही न बघता निघून गेली.

ती सामान घेऊन बाहेर पडली, तर तो फाटकाशी उभा.

"मी तुला माफ केलेलं नाही."

"मी मागितलीही नाही माफी. कुठल्या तोंडाने मागू?"

"चालत्या यंत्राला हात लावण्याआधी मीही ती कमांड एकदा दुसरीकडे देऊन बघायला हवी होती..." तो थांबला. "आजोबांच्या घरी जायचंय मला. पाय उचलत नाहीत."

"मला बघून ती दार लावून घेईल."

"घेऊ दे. दोघं उभे राहू." मग खाली बघत, अगदी पुटपुटल्यासारखा — "राग आहे तुझा... खूप आहे. पण तुझ्याशिवाय मला आता जमत नाही गं."

तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि त्याच्या बाजूने चालू लागली.