रुमाल टाकलेली जागा

धम्मपालनं नवी गाडी घेतली आणि मग त्याला अण्णांची आठवण झाली. अण्णा जाऊन अडीच महिने झाल्यावर. पुण्याहून फोन करून म्हणाला, ताई, रविवारी येतो, अण्णांची राहिलेली सहल आपण दोघं करू. मी हो म्हटलं, पण ते मायेनं नाही. त्याला दिवसभर शेजारी बसवून चांगलं सुनवायचं होतं.

अण्णा म्हणजे आमचे वडील कडुबा, एसटीत कंडक्टर. एकतीस वर्षं बहुतेक एकाच रस्त्यावर काढली. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ ही नावं रोज घसा फोडून ओरडायचे, पण किल्ल्यात किंवा लेण्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. गाडी दोन मिनिटं थांबायची, तेवढ्यात काय बघणार. रिटायर झाल्यावर त्यांचा एकच हट्ट होता, या थांब्यांवर एकदा खाली उतरायचं. धम्मानं लागोपाठ चार रविवार ‘पुढच्या रविवारी नक्की’ केलं. चारही वेळा अण्णा सकाळी सहाला इस्त्रीचा शर्ट घालून गारखेड्यातल्या आमच्या ओट्यावर येऊन बसले. पाचव्या रविवारीही बसले आणि त्यानंतर तीन दिवसांत गेले. हे मी धम्माला आयुष्यभर माफ करणार नव्हते.

अण्णांची एक सवय सांगायला हवी. विनातिकीट प्रवासी सापडला आणि वर खोटं बोलला, तरी ते त्याच्यावर ओरडायचे नाहीत. आपल्या शेजारची जागा ते रुमाल टाकून धरून ठेवायचे. रुमाल उचलायचे, त्याला तिथं बसवायचे आणि शेवटच्या थांब्यापर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. लहानपणी खोटं बोललो की घरीही आम्हाला तसंच शेजारी बसवायचे. त्यापेक्षा मार परवडला असता.

क्रांती चौकात सिग्नलला धम्मानं मोबाइल काढून स्वतःचा गाडीतला फोटो काढला. मी साठवून ठेवत होते. दौलताबादला पेरूवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत किल्ल्यात शिरलो. चांदमिनाराच्या अलीकडे एका बाकावर पांढरा, निळ्या काठाचा रुमाल पसरलेला होता. आसपास कुणी नव्हतं. अण्णांचे रुमाल असेच असायचे, पण असले रुमाल बाजारात ढिगानं मिळतात. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिसेल तेवढंच लिहायची मला सवय आहे. तरी पाय दुखत असूनही मी त्या बाकावर बसले नाही.

खुलताबादला चहाच्या टपरीसमोर पाच खुर्च्या होत्या. चार रिकाम्या, पाचवीवर रुमाल. काठ निळा. धम्मा गाडी लावत होता, तेवढ्यात कुणाचा म्हणून मी चहावाल्याला विचारलं.

“बडे मियाँ रखके गए,” तो म्हणाला. “बोले, हमारी बच्ची आरी, जगा रखो. अब्बीच उठे.”

खुर्चीखाली चहाचा अर्धा ग्लास होता. मी हात लावून पाहिला. चटका बसला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे सगळं धम्माचंच नाटक, दुसरं काय. चहावाल्याला पढवायचं, माझा रडका चेहरा मोबाइलवर घ्यायचा आणि चार लोकांत मिरवायचं. गाडीत बसल्याबरोबर मी तोंड सोडलं. मेलेल्या बापाचा तमाशा मांडलास म्हटलं. चार रविवारांच्या चार इस्त्रीच्या शर्टांचा हिशेब काढला. धम्मानं गाडी कडेला घेतली. कसला रुमाल, हे त्याला कळेचना. तो खोटं बोलत नाही हे दिसत होतं, म्हणून मला आणखीच राग आला.

“चार रविवार माझे, ताई, कबूल हाय,” तो म्हणाला. “पण पाचव्याला मी आलो व्हतो. क्रांती चौकातून फोन केला. तू म्हणलीस, अण्णांना ताप हाय, झोपलेत, उठवू नको, परत जा. ताप व्हता ना?”

“व्हता,” मी म्हणाले.

नव्हता. अण्णा ओट्यावर रस्त्याकडं डोळे लावून बसले होते. फोन ठेवून मी बाहेर गेले आणि म्हटलं, आजपण नाय आला तुमचा लेक. चार रविवार त्यांचं उतरलेलं तोंड मी बघायचं, आणि पाचव्याला उगवून यानं लाडकं व्हायचं? मला ते सहन झालं नाही. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. पुढचे तीन दिवस ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. धम्मावरचा राग असेल, असं मी धरून चालले.

वेरूळला धम्मा गाडीतच बसून राहिला. मी एकटी दहाव्या लेण्यात गेले. आत कुणी नव्हतं. बुद्धांच्या मूर्तीसमोर एका खांबाच्या पायथ्याशी रुमाल पसरलेला होता. या वेळी मी तो उचलला.

एका कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचं रफू होतं. घरात निळा दोरा नव्हता म्हणून मीच केलेलं. हा रुमाल अण्णांच्या शर्टाच्या खिशात मीच घडी करून ठेवला होता, त्यांना स्मशानात नेताना.

तो घामानं ओलसर होता, आणि कोमट.

“अण्णा, तो आला व्हता,” मी म्हणाले. “मीच खोटं बोलले.”

त्या लेण्यात साधं खाकरलं तरी आवाज घुमतो. माझा घुमला नाही.

रुमाल तिथंच टाकून मी जवळजवळ पळत गाडीपाशी आले. पुढच्या सीटवर धम्मानं स्वतःची बॅग ठेवली होती. काच खाली होती. तो समोर बघत होता.

“शेजारच्या सारजामावशीला फोन केला,” तो म्हणाला. “त्या रविवारी अण्णा दुपारपर्यंत ओट्यावर बसले व्हते.”

मी काही बोलायच्या आत त्यानं गाडी सुरू केली.

“मागं बस, ताई.”

मी मागचं दार उघडलं. पलीकडं, खिडकीपाशी, सीट खोल दबलेली होती.

अलीकडच्या जागेवर रुमाल पसरलेला होता. कोपऱ्यात हिरवा दोरा.

मी हात पुढं करायच्या आत तो उचलला गेला.