विंगेतली जागा

टॅम्सिन त्या शनिवारी दुपारी नाटकघरात शिरली तेव्हा स्टेजवर एक माणूस उताणा पडला होता. डोळे उघडे, हात पोटावर, बूट काढून बाजूला नीट लावून ठेवलेले.

ती अजिबात दचकली नाही. उलट तिला बरंच वाटलं. पुढच्या रहस्यनाटकात अख्खा पहिला अंक एक प्रेत लागणार होतं, आणि तेवढा वेळ तोंड मिटून पडून राहील असा माणूस गावात मिळत नव्हता. नोरीनबाईंनी कुठून तरी पैदा केला म्हणायचा.

"असं नाही," ती स्टेजवर चढत म्हणाली. "जरा डावीकडे सरका. डोकं प्रेक्षकांकडे. आणि डोळे मिटा... मेलेला माणूस छताकडे असा टक लावून बघत नाही."

तो सरकला. त्याने डोळे मिटले.

"मोजे चालतील का हे?" त्याने विचारलं. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

"प्रेत बोलत नसतं."

तिने घडवंचीवरची चादर आणून त्याच्या अंगावर पसरली, मग वाकून त्याचा एक हात चादरीबाहेर काढून ठेवला, कारण तो हात बघूनच मोलकरीण किंचाळणार होती. बोटांना पेन्सिलीचा काळपटपणा होता. हात ऊबदार होता. इतक्या थंडीत, शेकोटी न पेटवलेल्या त्या शेडमध्ये, तो इतका ऊबदार कसा हे तिला कळेना, आणि आपण तो अजून सोडला का नाही हेही कळेना.

"श्वास घेतला तर चालेल?" चादरीखालून आवाज आला.

"पोटातून घ्या. छाती हलली की पहिल्या रांगेला दिसतं."

तेवढ्यात काठी टेकत टेकत नोरीनबाई आत आल्या. नाटकमंडळाच्या अध्यक्ष त्याच. त्यांनी चादरीकडे पाहिलं, टॅम्सिनकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "झाली वाटतं ओळख. अगं, हा डावोर. होबार्टहून आलाय. आपल्या नाटकघराचा नवा नकाशा हाच काढणार आहे."

टॅम्सिनने हात सोडला. चादर खाली घसरली. डावोर उठून बसला, केसांत धूळ, चेहरा मात्र अगदी गंभीर.

"तुम्ही सांगायचंत ना," ती कानापर्यंत लाल होत म्हणाली.

"तू बोलू कुठे दिलंस. मी आपला छत बघत होतो." मग जरा थांबून, "आणि मेलेल्या माणसाला अहो-जाहो कशाला? डावोर म्हण."

ते नाटकघर म्हणजे ह्युऑन नदीच्या काठावरची जुनी पॅकिंग शेड. एके काळी खोऱ्यातली सफरचंदं तिथे पेट्यांत भरून बोटींवर चढवत. बोटी बंद झाल्या, शेड ओस पडली, आणि नोरीनबाई तरुण असताना त्यांनी चार हौशी लोक जमवून तिथे नाटकं सुरू केली. पगार कुणालाच नाही. नाटकात गुप्तहेर होणारा क्लाइव्ह एरवी सफरचंदांचा मळा सांभाळायचा, आणि टॅम्सिन दिवसभर जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्यामांजरांना धरून ठेवायची. संध्याकाळी मात्र ती डाव्या विंगेत, एका पालथ्या पेटीवर बसलेली असायची. समोर दिव्यांची बटणं, मांडीवर संहिता. कुणाची कॉलर सरळ करायची, कुणाला वाक्य सुचवायचं, कुणाला नुसतंच पाठीवर हात ठेवून आत ढकलायचं. कॉलेज सुटल्यापासून प्रत्येक प्रयोग तिने तिथूनच, बाजूने पाहिला होता.

आता मात्र शेड दुरुस्त करायची वेळ आली होती. वायरिंग धोक्याचं, आगीत बाहेर पडायला वाट एकच, आणि संडास अंगणाच्या पलीकडे. गावच्या कौन्सिलने सांगून टाकलं होतं की दुरुस्ती झाल्याशिवाय पुढच्या वर्षी एकही प्रयोग होणार नाही. म्हणून हा डावोर.

तो दर शनिवारी येऊ लागला. भिंती मोजायचा, खांबांवर टकटक करायचा, आणि मग टॅम्सिनला भलतेसलते प्रश्न विचारायचा.

"प्रयोग चालू असताना तुझा डावा हात कुठे असतो?"

"हे नकाशाला लागतं?"

"बटणं कुठे लावायची ते ठरवायचंय." पण तो टेपकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता.

"बटणांवर," ती म्हणाली. "आणि उजवा संहितेवर. अजून काही?"

"थंडी वाजते का तिथे?"

"खूप."

त्याने ते लिहून घेतलं. आता हे तापमान लिहिलं की आणखी काही... ती घरी जाऊन मांजराला खायला घालताना तेच ठरवत बसली. माणूस सरळ होता, पण त्याचं काहीच सरळ कळत नव्हतं. तो खांबालाही हात लावायचा तो असाच, हलकेच, जसा काही खांब लाजेल.

रहस्यनाटकाच्या एका प्रयोगाला तो विंगेत येऊन उभा राहिला. आतून बघायचंय म्हणाला. जागा एवढीशी, त्यामुळे त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागून. दुसऱ्या अंकात क्लाइव्ह खुन्याचं नाव घेणार, इतक्यात पत्र्यावर पाऊस कोसळला. त्या शेडमध्ये पाऊस आला की नाटक थांबायचं. सगळ्यांना सवय होती. नट जिथल्या तिथे उभे राहायचे, प्रेक्षक आपापले थर्मास उघडायचे, आणि आवाज ओसरला की वाक्य पुढे चालू.

त्या आवाजात डावोर तिच्याकडे वळून काहीतरी बोलला. तिला त्याचे ओठ दिसले, ओल्या लोकरीचा वास आला, कानाजवळ त्याचा श्वास जाणवला. शब्द मात्र एकही ऐकू आला नाही. तो उत्तराची वाट बघत होता.

तिने मान हलवली. हो.

तो हसला, इतका मनापासून की आपण कशाला हो म्हणालो हे विचारायचा तिला धीरच झाला नाही.

नकाशा दाखवायचा दिवस उजाडला त्याच सकाळी समुद्रापलीकडच्या मेलबर्नहून फोन आला. गावोगाव फिरणाऱ्या एका नाटक कंपनीत तिने डावोर यायच्याही आधी अर्ज केला होता. इथलं नाटकघर वर्षभर बंद राहणार, मग आपण काय करायचं म्हणून. ते म्हणाले, या. वसंत ऋतूत दौरा सुरू होतोय. ज्या संधीसाठी ती इतकी वर्षं झुरली, तिचा फोन खाली ठेवल्यावर ती नुसतीच स्वयंपाकघरात उभी राहिली. आनंद झाला होता का? झाला असावा. नक्की सांगता येत नव्हतं.

आणि मग मंडळाच्या सभेत तिने नकाशा पाहिला. नवी वाट, नवं छत, चाकांच्या खुर्चीसाठी उतार, सगळं सुरेख. तिची नजर डाव्या विंगेकडे गेली. तिथे विंगच नव्हती. तिथे संडास होता.

सगळे टाळ्या वाजवत होते. ती उभी राहिली.

"ह्यात नाटक कुठे आहे?" तिने विचारलं.

डावोर गोंधळला. "स्टेज तर तिथेच आहे."

"स्टेज आहे. नाटक दिसत नाहीये."

याचा अर्थ काय, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कुणी विचारलं नाही. नकाशावरचं मतदान पुढे ढकललं गेलं. डावोरने कागद गुंडाळला, रबर लावलं, ते तुटलं, आणि तो सुटा कागद तसाच काखेत धरून निघून गेला. त्याच्या पुढच्या शनिवारी तो आलाच नाही.

नोरीनबाई मात्र दवाखान्यात आल्या, म्हातारं मांजर कडेवर घेऊन.

"ह्याला काही झालेलं नाही," मांजर टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या. "मी तुझ्याशी बोलायला आलेय. माझं खुब्याचं ऑपरेशन झालंय, टॅम्सिन. मध्यंतरात मी क्लाइव्हच्या हाताला धरून पावसात अंगणापलीकडे जाते. तुझ्या पेटीसाठी अजून किती वर्षं जाऊ?"

टॅम्सिनला मान वर करवेना. "मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग कसं म्हणायचं होतं? तुझं भांडण संडासाशी आहे की त्या मुलाशी?"

"मला खरंच माहीत नाही, नोरीनबाई."

"हां," म्हातारी म्हणाली आणि मांजर उचललं. "निदान खरं तरी बोललीस. त्याला फोन कर."

तिने फोन केला. काय बोलायचं ते पाठ करून केला, आणि त्याने उचलल्यावर सगळं विसरून फक्त म्हणाली, "येशील का?"

तो आला. केस कापलेले, त्यामुळे कान उघडे पडलेले. दोघांनी खडू घेतले आणि नवा नकाशा शेडच्या फरशीवर प्रत्यक्ष मापात काढायला घेतला. इथे दार, इथे उतार. ती गुडघ्यांवर बसून रेघ ओढत होती आणि ओढता ओढता सांगत होती, की आत जायच्या आधी नट अंधारात उभा असतो तेव्हा त्याला कुणीतरी जवळ लागतं. क्लाइव्हचे हात थरथरतात. ते इतकी वर्षं फक्त तिलाच ठाऊक होतं.

"हे तू सभेत का नाही सांगितलंस?"

"मलाच आत्ता कळलं." मग खडू थांबवून, "पण तू माझी जागा का काढलीस?"

"काढली नाही. मागे नेली. प्रेक्षकांच्या मागे काचेची खोली दाखवली होती, ती तुझी. तुला समोरून नाटक बघायचं होतं ना?"

"मला? मी कधी म्हटलं?"

"मी विचारलं होतं तुला. विंगेत. कधी समोरून बघावंसं वाटतं का, म्हणून. तू मान हलवलीस."

"डावोर, मला काही ऐकूच आलं नव्हतं."

तो टाचांवर बसून राहिला. "मग मान का हलवलीस?"

तू त्या वेळी काहीही विचारलं असतंस तरी हलवली असती... हे तिच्या अगदी ओठांवर आलं. ती म्हणाली, "पाऊस होता." आणि भलतीकडेच एक रेघ ओढली. ती पुसताना दोघांचे हात खडूने पांढरे झाले, आणि रेघ पुसून झाल्यावरही जरा वेळ दोघं ती जागा पुसतच राहिले.

शेवटी संडास उजवीकडे, सामानाच्या खोलीत गेला. डावी विंग राहिली, थोडी रुंद झाली. काचेची खोलीही राहिली, कारण ती नको असं टॅम्सिनला म्हणवेना. पुढच्या सभेत तिने स्वतःच नकाशा समजावून सांगितला आणि सगळे हात वर झाले. मंडळी केक कापायला गेली. ती दारात उभी राहिली. आता नाटकघर बंद होणार, आता आपल्याला जायलाच हवं, आणि हे सगळं आपणच हात वर करून घडवलं, या विचाराने तिला केकपाशी जाववेना. मेलबर्नचं तिने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

सामान हलवायचा दिवस लख्ख उजाडला. डोंगरावर बर्फ, नदी निळीशार. अख्खं गाव आलं होतं. खुर्च्या जुन्या, लाकडी, चार-चार एकत्र जोडलेल्या. त्या नदीकाठच्या रस्त्याने क्लाइव्हच्या गोदामात न्यायच्या होत्या. एका टोकाला टॅम्सिन, दुसऱ्या टोकाला डावोर. तो उलटा चालत होता.

"खड्डा आहे," ती सांगायची. "डावीकडे. तुझ्या डावीकडे."

"सावकाश."

"डावोर, मी मेलबर्नला चाललेय."

त्याला वाटलं पुन्हा खड्डा आहे. तो बाजूला झाला. मग थांबला. "कधी?"

"पुढच्या महिन्यात. दौऱ्यावर. इथलं काम होईपर्यंत तरी."

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"सभेच्या दिवशी सकाळपासून. पहिल्या सभेच्या."

"खाली ठेवूया?" तो म्हणाला. "जड आहे."

त्यांनी ती चार खुर्च्यांची रांग रस्त्याच्या कडेला, गवतात टेकवली आणि बसले. मध्ये एक खुर्ची रिकामी. समोर नदी, एक होडी वल्हवत चाललेली. मागून गावातली एक गाडी हॉर्न वाजवत गेली. दोघांनीही वळून पाहिलं नाही.

"मला वाटलं होतं काम वर्षभर चालेल," तो सावकाश म्हणाला. "वर्षभर दर शनिवारी इथे यायला मिळेल. तेवढ्या वेळात मी कधीतरी बोललो असतो. मला वेळ लागतो, टॅम्सिन. साधं दार कुठे काढायचं त्यालाही मला आठवडा लागतो."

"काय बोलला असतास?"

त्याने हात गुडघ्यांत धरले. "की तू मला आवडतेस. त्या चादरीपासून. तुझं काय आहे ते मला कधीच कळलं नाही. तू भांडतेस, मग फोन करतेस. मान हलवतेस, मग ऐकूच आलं नाही म्हणतेस. आता हे मेलबर्न. तू जायला हवंस, ते मला कळतं. जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण तसं म्हणावंसं वाटतंय, तेही खरं."

जायचं होतं तिला. अगदी मनापासून जायचं होतं. आणि या गवतातल्या खुर्चीवरून उठायचं नव्हतं, तेही तितकंच मनापासून. दोन्ही एकदम कसं असू शकतं? पण होतं.

"मेलबर्नला रात्रीची बोट जाते," शेवटी ती म्हणाली.

"माहीत आहे."

"आणि दौऱ्यात सुट्टी असते. मध्ये मध्ये."

"म्हणजे हो का?"

"मला कळत नाहीये, डावोर. मला काही म्हणजे काही कळत नाहीये." ती उठली, मधल्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसली, आणि त्याचा हात हातात घेतला. "पण आवडतोस तू. तेवढं नक्की आहे."

मागून क्लाइव्हची हाक आली, की अरे, मागची रांग अडकून पडलीये, चला की.

डावोर उठायला लागला. तिने हात सोडला नाही.

"बस जरा," ती म्हणाली. "जाऊ दे त्यांना बाजूने."