बिब्बा कोणी घातला?

बुधवारी सकाळी ठोकळ्याने माझ्या हाताला मलम चोळलं आणि दुपारी लालबुंद फोड उठले. मग दोष कोणाचा?

"ठोकळ्याचाच!" मी ठणकावून सांगितलं.

ठोकळ्या म्हणजे आजोबांचा नवा यंत्रमानव. आजोबा त्वचेचे शास्त्रज्ञ. पूर्वी प्रयोगशाळेत त्यांच्या हातात बाटल्या मी द्यायचे आणि ते मला 'राजा' म्हणायचे. आता बाटल्या तो देई आणि 'राजा'ही तोच. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"मग त्याला परत पाठवतो," आजोबांनी फोन उचलला. "कारखान्यात त्याची स्मृती पुसतील."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण आजोबा थांबले.

"शलाका, मलम सगळ्या हाताला, मग फोड दोनच बोटांवर कसे? आणि असे फोड लगेच उठत नाहीत. काही पदार्थांचे रेणू (अतिसूक्ष्म कण) इतके लहान, की शरीर त्यांची दखलच घेत नाही. पण ते त्वचेतल्या प्रथिनांना चिकटले, की पहारेकरी पेशी ती जोडी लसिका ग्रंथीत (काखेतल्या, मानेतल्या गाठीत) नेतात. तिथे टी-पेशी तिला ओळखायला शिकतात. त्यात दहाबारा दिवस जातात, म्हणून पहिल्या वेळी बहुधा काहीच होत नाही."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"शिकलेल्या पेशी शत्रू आला म्हणून साथीदारांना बोलावतात. सगळ्या जमायला एकदोन दिवस लागतात. त्यांच्या मारामारीत आपलीच त्वचा सुजते. सोमवारी कशाला हात लावलास?"

"पण गेल्या वर्षी काटा मोडला तेव्हा टाचेला बिब्बा लावलाच होता! काही झालं नव्हतं!"

मी जीभ चावली.

"तेव्हाच तर त्या शिकल्या," आजोबा हळूच म्हणाले.

मग सगळं सांगावंच लागलं. सोमवारी बिब्ब्याच्या काळ्या रसाने मी ठोकळ्याच्या पाठीवर 'गाढव' लिहिलं होतं. पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायचे तोच रस, पुसता न येणारा.

"आमच्या दोघांत बिब्बा घालायला गेलीस आणि तुझ्याच बोटांवर उतला," आजोबांनी फोन ठेवला. मला फार लाज वाटली.

"त्या पेशी हे कधीच विसरणार नाहीत?"

"सहसा नाही. पण त्यांना शांत करणाऱ्याही पेशी शरीरात असतात. त्यांना कामाला कसं लावायचं, तेच आम्ही शोधतोय. येशील मदतीला?"

तेवढ्यात ठोकळ्या गार पाण्याची पट्टी घेऊन आला.

"हात पुढे कर, राजा," तो मला म्हणाला.

मी हात पुढे केला. त्याच्या पाठीवरचं 'गाढव' अजून तसंच आहे. ते माझंच नाव, असं मी सगळ्यांना सांगते.