आणखी थोडं मागे

डॉयल हॅस्किन्स माशाच्या वजनाबाबत खोटं बोलतो. तेवढं तर गळ टाकणारा कुणीही बोलतो. पण पुढे जे सांगितलंय त्यात त्याने पदरचा एक शब्द घातलेला नाही. त्याचा मेहुणा रॉस्को तिथे हजर होता, आणि डॉयलची बाजू घ्यायची रॉस्कोला मुळीच सवय नाही.

जागा पूर्व टेक्सासमधलं एक धरणाचं तळं. एप्रिल महिना. दिवस मावळतीला आलेला.

पण सुरुवात त्याआधीची. टेनेसीतली, डॉयलच्या अंगणातली.

मार्चमधली दुपार होती. डॉयल होडीच्या ट्रेलरच्या चाकांत ग्रीस भरत होता. त्याची बायको ओपल बर्फाची पेटी विकत आणायला गावात गेली होती. फाटकाशी पोलिसांची गाडी थांबली. एक ओळखीचा शिपाई उतरला. उतरल्या उतरल्या त्याने डोक्यावरची टोपी काढली.

टोपी काढली तेव्हाच डॉयलला कळलं.

ओपल दुकानाच्या दारातच कोसळली होती. दवाखान्यापर्यंतही पोचली नाही. शिपायाने हात पुढे केला. डॉयलने आपल्या काळ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाला, "ग्रीस आहे."



आत स्वयंपाकघराच्या टेबलावर देशाचा नकाशा पसरलेला होता. दोघांनी कामातून मोकळं झाल्यावर देश आडवा पार करायचं ठरवलं होतं. टेनेसीतून निघायचं, कॅलिफोर्नियात पोचायचं, आणि वाटेत बास मासा जिथे चांगला लागतो त्या तळ्यांवर मुक्काम करायचा. वसंतात पाणी कोमट झालं की बास अंडी घालायला काठाशी येतो. ते दिवस थोडे असतात. एका तळ्यावर लवकर, दुसऱ्यावर उशिरा. हे सगळं जुळवून मुक्काम लावणं किचकट काम. ते ओपलने केलं होतं. हिवाळाभर ती लांबलांबच्या गळ-आमिषाच्या दुकानांना फोन करायची. "तुमच्याकडचं पाणी किती तापलं हो?" असं विचारून मग अर्धा तास त्यांच्या गुडघेदुखीच्या गप्पा मारायची.

दफन झालं. नातेवाईक जेवणाची भांडी ठेवून गेले. एका सकाळी रॉस्को, ओपलचा धाकटा भाऊ, बॅग घेऊन दारात उभा राहिला.

"चल."

"कुठे?"

"तिने आखलंय तिकडे. पाणी तापतंय. मासे दुखवटा पाळत नाहीत."

"तुला गळाला गांडूळसुद्धा लावता येत नाही, रॉस्को."

"म्हणून तर तू हवास, म्हाताऱ्या. नाहीतर मी एकटाच गेलो असतो."

ते निघाले.

होडी पाण्यात सोडायची तर पिकअप उलटा घेत ट्रेलर उतारावरून पाण्यात न्यावा लागतो. चालवणाऱ्याला मागचं धड दिसत नाही. म्हणून दुसरं माणूस काठावर उभं राहून खुणा करतं. डॉयल आणि ओपलचा नियम एकच होता. त्याने आरशात फक्त तिच्या हाताकडे बघायचं. पंजा हलला, मागे ये. मूठ झाली, थांब. तोंडाने बोलायचं नाही. ओपल म्हणायची, कोर्टात मोडत नाहीत एवढे संसार या उतारांवर मोडतात.

पहिला मुक्काम अलाबामातला. रॉस्को काठावर उभा राहून ओरडत होता.

"डावीकडे घे. अरे, तुझं डावं नाही, माझं डावं."

ट्रेलर आडवा झाला. पुन्हा वर. पुन्हा खाली. मागे खोळंबलेल्या गाड्यांतून एक जण म्हणाला, "काका, होडी विका आणि बदकं पाळा."

दुसरा मुक्काम मिसिसिपीतला. सकाळचं धुकं होतं. डॉयलने गाडी मागे घेतली आणि ट्रेलर सरळ सुतासारखा पाण्यात गेला. मूठ दिसली, तो थांबला. पहिल्याच खेपेला.

खाली उतरून तो रॉस्कोला म्हणाला, "जमायला लागलं की तुला. हात छान केलास."

रॉस्को वरच्या बाजूने चालत येत होता. त्याच्या दोन्ही हातांत बर्फाच्या पिशव्या होत्या.

"मी?" तो म्हणाला. "मी तर आत्ता येतोय..."

डॉयलने काठाकडे बघितलं.

कुणी नव्हतं. ओल्या काँक्रीटवर फक्त पाणी चाटत होतं.

त्याने रॉस्कोला काही सांगितलं नाही. भीती वाटलीच नाही त्याला. उलट त्या रात्री, बायको गेल्यापासून पहिल्यांदा, तो पोटभर जेवला. तळलेला मासा, मक्याचे गोळे, वर दोन वाट्या वाल.

पुढच्या तळ्यावर त्यानेच रॉस्कोला आमिष आणायला पिटाळलं. काच खाली करून आरशात बघितलं.

हात आला...

धुक्याआड बाईमाणूस उभं होतं. चेहरा दिसत नव्हता. पंजा हलत होता, सावकाश, गाडीतल्या माणसावर पूर्ण भरवसा असल्यासारखा. मूठ झाली. तो थांबला. मान वळवली तर काठ रिकामा.

त्यानंतर तो मुक्काम वाढवायला लागला. ओपलच्या आखणीत नव्हती अशीही तळी तो नकाशात शोधायचा. सकाळी एक, दुपारी एक. होडी सोडायची, तासाभरात काढायची, पुढे जायचं. गळ टाकलाच तर टाकला.

"एक विचारू?" रॉस्को गाडीत म्हणाला. "आपण मासे धरायला आलोय की गाडी मागे घ्यायला?"

"तुला उतरायचं असेल तर पुढच्या गावात बस मिळते."

"बसमध्ये तुझ्याइतकी वाईट कॉफी कोण पाजणार मला?" मग हळूच म्हणाला, "डॉयल, काल तू उतारावर एकटाच कुणाशी तरी बोलत होतास."

डॉयलने रेडिओ लावला.

एक गोष्ट त्याच्या लक्षात आली होती, पण त्याने ती मनावर घेतली नाही. पहिल्यांदा ती काठावर उभी होती. नंतर घोट्याभर पाण्यात. मग गुडघाभर.

मूठ दर वेळी थोडी उशिरा व्हायची.

टेक्सासमधलं ते तळं ओपलच्या आखणीत नव्हतं. धरण झालं तेव्हा जुना हमरस्ता पाण्याखाली गेला होता. तो डांबरी रस्ता, पिवळ्या पट्ट्यासकट, सरळ तळ्यात उतरायचा. लोक वर्षानुवर्षं तिथूनच होड्या सोडायचे. आता तो बंद होता. रस्ता अडवायला ठेवलेली पिंपं मात्र कुणीतरी बाजूला सरकवलेली होती.

वरच्या अंगाला आमिषाचं एक छोटं दुकान होतं. रॉस्को तिकडे गेला.

दिवस बुडायला टेकला होता. पाण्यावर चिलटांचे थवे होते, म्हणून डॉयलने काचा लावून घेतल्या. उतारावर काचा उघड्या ठेवायच्या, सीटचा पट्टा काढून ठेवायचा, हे ओपलने इतकी वर्षं त्याच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. पट्टाही तसाच राहिला.

बेडूक ओरडत होते.

त्याने गाडी मागे घेतली.

हात आला...

ती कमरेएवढ्या पाण्यात होती. पंजा हलला. मागे ये.

तो मागे गेला. ट्रेलर बुडाला. होडी तरंगली. आता मूठ व्हायला हवी होती.

झाली नाही.

आणखी थोडं मागे. पंजा हलत होता.

बेडूक एकदम गप्प झाले...

मागची चाकं पाण्यात गेली. डॉयलने ब्रेक दाबला. शेवाळलेल्या डांबरावर गाडी ब्रेकसकट घसरत राहिली. इंजिन बंद पडलं. दिवे गेले. पायांना गार लागलं. खाली बघितलं तर पाणी.

त्याने दार ढकललं. बाहेरून पाण्याने दाबून धरलेलं. काच उतरेना. पट्ट्याचं बटण दाबलं, पट्टा सुटेना. पुढची काच आभाळाकडे वर होत होती. त्यातून डांबराची एक पिवळी रेघ वर जाताना दिसत होती, लांब, आणखी लांब.

पाणी मांडीवर आलं. मग पोटावर.

बाजूचा आरसा पाण्याखाली गेला.

त्यात हात अजून दिसत होता... हलत होता. पाण्याखाली. आरशाच्या अगदी जवळ.

"ओपल," तो म्हणाला. "बास झालं. थांबव आता."

मागच्या सीटवरून कुणीतरी पट्टा ओढला.

आवळत गेला तो. छातीवर, मग गळ्याशी. डॉयल सांगतो, अडकलेला पट्टा वेगळा असतो आणि कुणी धरलेला पट्टा वेगळा. हा धरलेला होता. सैल सोडायचा, पुन्हा घट्ट करायचा. मागे वळता येत नव्हतं. पाणी हनुवटीला लागलं होतं आणि त्याच्या कानामागे कुणाचा तरी श्वास येत नव्हता... एवढ्या जवळ कुणी असून श्वास येत नव्हता.

काचेवर दणका बसला.

दुसरा. तिसऱ्या दणक्याला काच फुटली. रॉस्को गळ्याएवढ्या पाण्यात उभा होता. त्याच्या एका हातात दगड होता. तोंडात मासे साफ करायची सुरी.

"मान मागे घे. हलू नकोस, मूर्खा."

पट्टा तुटला. रॉस्कोने त्याला काखेत धरून खिडकीतून ओढला. डॉयल जाडजूड माणूस. पाण्याने वजन हलकं झालं होतं, एरवी ते जमलं नसतं.

दोघं डांबरावर पडून राहिले. खोकत. दुकानातली म्हातारी घोंगडी घेऊन धावत आली. तिने ती डॉयलच्या अंगावर टाकली आणि पाण्याकडे बघत विचारलं,

"आणि बाई कुठाय तुमची?"

रॉस्कोने डॉयलकडे बघितलं.

"अहो, ती पाण्यात उभी होती ती. मी खिडकीतून ओरडत होते, थांबव गं त्यांना, म्हणून. बघतच नव्हती. एकदा बघितलं तिने माझ्याकडे..."

म्हातारी घोंगडीचं टोक उगाच नीट करत राहिली.

"आमच्याबरोबर बाई नाही, आजी," रॉस्को म्हणाला. "दिसायला कशी होती?"

"पोरगी होती. केस कमरेखाली, ओले."

ओपल अडुसष्ट वर्षांची होती. तिचे केस जन्मभर कानाच्या वर कापलेले.

म्हातारी उठली. दुकानात गेली आणि तिने आतून कडी लावली. नंतर रॉस्कोने कितीही दार वाजवलं तरी तिने उघडलं नाही. दोघं भिजल्या कपड्यांनी नव्या हमरस्त्यापर्यंत चालत गेले.

दुसऱ्या दिवशी ओढायची गाडी आली. चालकाने लांब साखळी घेतली, एका पाणबुड्याला पाठवलं आणि पिकअप बाहेर काढला. मागच्या सीटवर काही नव्हतं. तुटलेल्या पट्ट्याचं आकड्याकडचं टोक जागेवर होतं. दुसऱ्या टोकाला गाठ होती. ओल्या दोरीला बसते तशी, सुरीशिवाय न सुटणारी.

रॉस्को म्हणतो, पाण्यात पट्ट्याला पीळ बसतो. त्याला स्वतःला त्या सगळ्या प्रवासात एकदाही कुणी दिसलं नाही. तरी हल्ली तो गाडी मागे घेताना आरशात बघत नाही. मान वळवून घेतो.

डॉयलला झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणाने. टेक्सासातली ती ओपल नव्हती, हे त्याला पटलंय. पण मग मिसिसिपीत कोण होती? धुक्यातली, ज्या दिवशी तो पोटभर जेवला, ती? पहिली ओपलच असेल आणि मधे कुठेतरी हात बदलला असेल, तर कुठल्या तळ्यावर? की ती कधी आलीच नव्हती? विचार करून करून तो तिथेच येऊन थांबतो. रॉस्को म्हणतो, सोड आता. डॉयल म्हणतो, तू सोड, तुझी बहीणच होती ना.

होडी तरंगत पलीकडच्या बुडालेल्या झाडांत जाऊन अडकली. अजून तिथेच आहे. ती बाहेर काढायची तर कुणाला तरी त्याच रस्त्याने ट्रेलर मागे घेत पाण्यापर्यंत न्यावा लागेल.

ते अजून झालेलं नाही.