दीड वाजताचा ठिपका

ऐन द्राहम गावाच्या डोंगरात वणवा शोधायला आलेल्या दोर्साफला वणव्याऐवजी लमजद सापडला. मातीनं लिंपलेल्या कोळशाच्या भट्टीशेजारी बसून तो अंजिरं खात होता.

"इथं वणवा आहे," ती म्हणाली. "उपग्रहाला दिसलाय."

"त्याला सांगा, एवढं खाऊन पेटतो."

दोर्साफ हसली नाही. सरकारी माणसं डोंगरावर हसत नाहीत. आग कुठं, कशी पसरेल याचं गणित बसवणं हे तिचं काम, आणि ही भट्टी ते वारंवार बिघडवत होती.

"किती वाजता बघतो तो?"

"दुपारी दीडला. का?"

"तोंड धुऊन बसेन म्हणतो."

डोंगरावर फोन लागत नसे. मग दर गुरुवारी दीडला लमजद भट्टीचं तोंड उघडू लागला, आणि ट्युनिस शहरातल्या कचेरीत दोर्साफच्या पडद्यावर लाल ठिपका उमटू लागला. थोडा कोळसा वाया जायचा. प्रेमात तेवढं चालतं.

"गुरुवारी दिसलो?" ती आली की तो विचारायचा.

"दिसलास. जरा वाळलायस."

"जेवण जात नाही ना... तुझ्यावाचून."

"खोटं बोलतोय गं," खोपटाच्या आतून त्याची आई मबरुका म्हणायची. "माझ्या वाटचंही खातो." तिचे पाय गेले होते, कान शाबूत होते.

ठिपका दिसला की वनरक्षकांची जीप उगाच धावायची. म्हणून दोर्साफनं संगणकाला बजावलं — ही जागा तापली तर तो वणवा नव्हे, लमजद. खोटे इशारे घटले. साहेबांनी पाठ थोपटली.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी, दीडला, ठिपका उमटला. नेहमीपेक्षा मोठा. संगणकानं तो शिस्तीत इशाऱ्यांतून वगळला. आज गुरुवार नाही, हे दोर्साफच्या ध्यानात आलं... आपल्यापायी माणूस वारही विसरला, असं वाटून तिनं हळूच केस सारखे केले.

डोंगर जळाल्याचं संध्याकाळी कळलं.

आठवड्यानं ती वर गेली. लमजदच्या हातांना पट्ट्या होत्या. आईला पाठुंगळी घेऊन तो खिंडीपर्यंत पोचला होता. धुरानं मबरुकाला पोचू दिलं नव्हतं.

"मंगळवारी मी बघितलं होतं," दोर्साफ म्हणाली. "मला वाटलं — आठवण काढतोयस."

"बोलावत होतो. खालच्या उतारावर धूर दिसला, म्हणून अख्खी भट्टी फोडली."

"संगणकाला मीच सांगितलं होतं... तुझ्याकडं लक्ष देऊ नकोस म्हणून."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं पट्टीच्या हातानं ओट्यावरची राख झटकली आणि तिला बसायला जागा केली. दोघांच्या मध्ये मात्र एका माणसापुरती जागा त्यानं तशीच ठेवली.