मागे छे

सलील वैतागला होता, आणि वैतागायला कारणही होतं. एका पत्र्याच्या बाहुलीसाठी माणसाने दर रविवारी मांडवीच्या बाजारात स्कूटर लावायला जागा शोधायची, ती किती दिवस?

चूक त्याचीच होती. साताऱ्याहून बडोद्याला बदली झाली तेव्हा सामान आवरताना त्याने लेकीची, अवनीची, किल्लीची बाहुली भंगारात देऊन टाकली. निळ्या झग्याची, ढोल बडवणारी, एका गालाचा रंग उडालेली. तेव्हापासून त्या सात वर्षांच्या पोरीने त्याला बाबा म्हणणंच सोडलं. "आई, त्यांना सांग मीठ द्यायला," असा कारभार आठ महिने चालला होता. पूर्णिमाला, त्याच्या बायकोला, हसू यायचं. तिचं माहेरच बडोद्याचं, तिला इथे सगळंच सोपं. सलीलच्या मात्र घशाखाली घास उतरत नव्हता.

आणि मांडवीतल्या एका जुन्या खेळण्यांच्या दुकानात तीच बाहुली दिसली. अगदी उडालेल्या गालासकट.

दुकानदाराला सगळे बापू म्हणत. ऐंशीच्या घरातला माणूस, पण भाव सांगायची रीत जगावेगळी. बाहुलीला किल्ली द्यायची आणि ढोलाचे ठोके मोजायचे. एका ठोक्याला शंभर रुपये. पहिल्या रविवारी बारा ठोके पडले. सलील घासाघीस करून उठून गेला. पुढच्या रविवारी अठ्ठावीस पडले, त्याच्या पुढच्या रविवारी साठ. किल्लीचे वेढे मात्र दर वेळी तीनच. त्याने स्वतः मोजले होते.

सलील रिफायनरीत इंजिनियर. जुन्या खेळण्यांवर हौशी लोक फोनवर बोली लावतात, मूळ खोका शाबूत असला तर दुप्पट मोजतात, माल संपत जातो तसा भाव चढतो, हे त्याला कळत होतं. पण आठवड्याला दुप्पट?

"बापू, हर हफ्ते दाम कैसे बढ़ता है?"

"हुं नथी वधारतो, भाई," बापू खालमानेने म्हणाले. "ए मागे छे."

एवढं गुजराती आपल्याला कळतं, अशी सलीलची समजूत होती. म्हणजे अशाच आणखी बाहुल्या मागे दडवून ठेवल्यात आणि एकेक काढून भाव चढवतोय म्हातारा! तो तणतणत मागचा पडदा सारून आत गेला. आत हातभर जागा आणि ओल आलेली भिंत. तो भिंतीकडे बघत असतानाच बाहेर ढोलावर एक ठोका पडला.

किल्ली कुणीच दिली नव्हती. स्प्रिंगमध्ये थोडा ताण उरला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं.

चौथ्या रविवारी तो अवनीलाच घेऊन गेला. पोर बघून तरी म्हातारा विरघळेल!

बापूंचा चेहरा उतरला. "बेबीने केम लाव्या?" पोरीला का आणलं, एवढं सलीलला कळलं.

"दाम बताइए," सलील खेकसला.

बापूंनी तीन वेढे दिले. एक ठोका पडला. तिघेही वाट बघत राहिले. दुसरा पडलाच नाही.

"एक? सौ रुपये?"

बापूंनी मान हलवली. "आजे ए बेबीने मागे छे."

सलीलने अवनीच्या मागे पाहिलं. रस्ता, स्कूटरी, फुलवाला. त्याने शंभराची नोट ठेवली. बापूंनी तिला हात लावला नाही.

कारेलीबागेतल्या घरी आल्यावर अवनीने बाहुली टीव्हीच्या कपाटावर ठेवली आणि न बोलता आतल्या खोलीत गेली. सलील कपाटाकडे पाठ करून खुर्चीत बसला. पूर्णिमा समोर मटार सोलत होती. तिला त्याने सगळं रंगवून सांगितलं, मागच्या भिंतीसकट.

तिला हसू आवरेना. "अरे वेड्या, मागे म्हणजे पाठीमागे नाही काही! त्याला गुजरातीत पाछळ म्हणतात. मागे छे म्हणजे मागतेय."

"मागतेय?"

"हो. काय मागत होती एवढं?"

"आधी पैसे. आणि आज म्हणाले, बेबीने..."

तो थांबला. पूर्णिमाचे हातही थांबले.

समोर आतल्या खोलीच्या दारात अवनी येऊन उभी होती. हात मोकळे. ओठ घट्ट मिटलेले.

"अवनी?" सलील म्हणाला.

तिची पापणीही हलली नाही.

"बाबा."

आवाज अवनीचाच होता. आठ महिन्यांनी आलेली ती हाक त्याला मागून ऐकू आली.