एकतर्फी ट्यूब

तुम्हीच नाही म्हणालात, साहेब. मेन बंद करू द्या, एवढंच मागितलं होतं त्या वायरमनने. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मशीनी थांबतील. दिव्यांचं बटण बंद कर आणि उरक." बटण बंद करायला काय जातं? चालू करायलाही काही जात नाही. जातो तो घोड्यावर, त्या दुपायी शिडीवर, चढलेल्याचा जीव. आणि खाली उभ्या असलेलीचाही…

खाली होती ती शर्ट तपासणारी. शिवणखात्याच्या कोपऱ्यात तिचं टेबल, वर जुनी ट्यूब, आणि ती अशी फडफडायची की दुपार कलली की पांढरा शर्ट कुठे संपतो आणि सुटलेला दोरा कुठे सुरू होतो, कळायचंच नाही.

तो वायरमन पहिल्यांदा घोडा खांद्यावर टाकून आत आला, तेव्हा ती म्हणाली, "अहो, आधी याचं बघा. दिवसभर डोळा मारतो मला."

"कोण?" तो एकदम गंभीर. मान वळवून खोलीत पुरुष शोधू लागला.

"ट्यूबलाइट हो!"

शेजारी काज करणारी तिची मावशी फिसकन हसली. "अगं, ट्यूबलाइट तर हाच दिसतोय. उशिरा पेटतो."

झालं! त्याचं नावच पडलं ट्यूबलाइट.

काम तसं साधं. जुन्या ट्यूबच्या पट्टीतला चोक काढायचा, स्टार्टर काढायचा, तारा सरळ होल्डरला जोडायच्या, एलईडी ट्यूब बसवायची. पण तिला तो सारखा काहीतरी मागायचा. पक्कड द्या, टेप द्या… एकदा ट्यूब मागितली. तिने दिली, त्याने बसवली, पेटलीच नाही.

"अगंबाई! मी बिघडवली?"

"नाही हो. उलटी गेली. हिच्या दोन्ही तारा एकाच टोकाला. दुसरं टोक नुसतं अडकायला."

"म्हणजे एकतर्फी?" ती पटकन बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. "बिचारी. तिकडून काही येतच नाही?"

 तो स्क्रू फिरवत राहिला, घट्ट झालेला.

मग मधल्या रांगेत ते झालं. सुपरवायझरने येताजाता सवयीने बटण दाबलं. वर ठिणगी, घोडा डुगडुगला… तो पडला नाही. भाजलेलं बोट तोंडात घालून हसलासुद्धा. ती नाही हसली. त्या दिवसापासून बटणाचा नुसता टक् आवाज झाला, तरी तिच्या हातातला शर्ट अर्ध्यावर थांबायचा. शर्टावरची नजर पुन्हा पुन्हा घोड्याकडे. आहे ना वर? आहे.

तिच्या टेबलावरची पट्टी सगळ्यात शेवटी आली.

"आज संपेल," तो म्हणाला.

"मग?"

"मग… दुसरीकडचं काम."

"अस्सं." तिने शर्ट खाली ठेवला, तडक दारापाशी गेली आणि बटणावर तळहात दाबून उभी राहिली.

सुपरवायझर आलाच. "टेबल तिकडे आहे तुझं. इकडे काय देवडीवर बसलीस?"

"वर माणूस आहे."

"या बटणावर अर्ध्या खोलीचे दिवे आहेत. अंधारात शिवायचं का बायकांनी? हात काढ."

"नाही काढत."

त्याने तिचं मनगट धरलं. बोटं निसटायला लागली. तिने वर पाहिलं… वायरमनच्या हातात उघड्या तारा. आणि दुसऱ्या हाताने तिने बटणाशेजारच्या मेनचा दांडा खाली ओढला.

मशीनी थांबल्या. सगळ्या. इतकी शांतता त्या खोलीने कधी ऐकली नव्हती.

"साहेबांना काय सांगू मी?" सुपरवायझर ओरडला.

"सांगा, मेन मी पाडला." दांडा तिने अजून सोडला नव्हता. "नोकरी घ्यायची तर घ्या म्हणावं. पण हे त्यांनी पहिल्याच दिवशी का नाही केलं, तेही विचारून या."

तो तणतणत गेला. मावशी कपाळावर हात मारून घेत होती, पण हातातली कात्री घेऊन दार अडवून उभी राहिली.

"जोडल्या तारा. लावा मेन," वरून हळूच आवाज आला.

तिने लावला. मशीनी घरघरल्या. मग तिने स्वतःच बटण दाबलं. ट्यूब पेटली. स्वच्छ, स्थिर. टेबलावरचा दोरा न् दोरा दिसू लागला.

"आता डोळा मारत नाही," तो म्हणाला. "उगाच बदलली, असं वाटतंय…"

ती घोड्यापाशी आली. दोन्ही पाय दोन्ही हातांनी धरले. घोड्याचे.

"पुढची पट्टी कुठली असेल, तिथे बटणाशी कोण उभं राहणार तुझ्या?"

"तुझ्या?" त्याची पायरी चुकता चुकता राहिली. "अहो, कालपर्यंत मी 'तुम्ही' होतो…"

"कालपर्यंतचं राहू दे. मी नोकरी पणाला लावलीय, ट्यूबलाइट. उत्तर दिल्याशिवाय उतरू देणार नाही. ट्यूब एकतर्फी असू दे. आपलं काय? एकतर्फी, की दोन्हीकडून? बोल!"